गुप्तेबाई आणि बेचाळीस लाल नावं

मला वाचवलं गुप्तेबाईंनी. नलिनी गुप्ते, राहणार अष्टमी, रोह्याच्या पुलापलीकडे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. काय झालं ते सांगायला बसले की मला अजून धडकी भरते, आणि धडकी भरली की माणूस घटनाच सांगत बसतो, नाव सांगायचं राहून जातं. तसं व्हायला नको.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. उंचीला कमी, आवाजाला जास्त. पांढरे केस मानेवर कापलेले, निऱ्या वर खोचलेल्या, आणि कमरेला किल्ल्यांच्या जागी नाडीने बांधलेली एक छोटी कात्री. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "ज्याची उलटी बाजू बघितली, तो पसंत नाय पडला."

उलटी बाजू हा बाईंचा जपच होता. भाजीवाल्याकडे पालकाची जुडी घेतली तरी उलटी करणार. लग्नपत्रिका आली की आधी मागून बघणार. माझी नि त्यांची गाठ पडली तीही अशीच.

आम्ही मूळचे परभणीकडचे. नवरा रोह्याजवळ धाटावला, कंपन्यांच्या वसाहतीत, एका ठेकेदाराकडे लागला म्हणून इकडे आलो. खोली मात्र पेणला मिळाली, एका गणपतीच्या कारखान्याच्या मागे, कारण सीझनला मला तिथे मूर्तींच्या शेल्यांना रंग लावायचं काम मिळायचं. सीझन संपला की हात रिकामे. अशाच एका दुपारी मी ओट्यावर बसून आईने दिलेली वाकळ दुरुस्त करत होते. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. तेवढ्यात एक बाई कारखान्याची मागची खोली भाड्याने बघायला आल्या. खोली राहिली बाजूला, माझ्यासमोर येऊन उभ्या.

"कुठली गो तू?"

"परभणीची."

"उलटी बाजू दाखव."

मी दचकून बघतच राहिले.

"वाकळीची गो, तुझी नाय!"

माझ्या हातातून वाकळ ओढून त्यांनी उलटी केली. टाक्यांवरून अंगठा फिरवत गेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं कुणी पोथी वाचतं. मग विचारलं, "शाळा किती?"

"सातवी." मी खाली मान घालून सांगितलं. हा प्रश्न आला की पुढचं वाक्य मला पाठ होतं. बरं, कळवतो.

"बास झाली," बाई म्हणाल्या. "उद्या नऊला ये."

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नीट ऐकलंस ना?" मलाही खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी आठलाच जाऊन दाराशी बसले, न जाणो बाईंचा विचार बदलला तर!

काम वह्यांचं होतं. पण कसल्या वह्या, हे पुरतं कळायला मला महिना लागला.

बाईंच्या अष्टमीच्या घरी वरच्या मजल्यावर पूर्वी एक कोरियन जोडपं भाड्याने राहून गेलं होतं. नवरा धाटावच्या एका कंपनीत मशिनरी बसवायला आलेला. बायको दिवसभर एकटी. बाई तिला हानबाई म्हणायच्या. हिंदी नाही, मराठी नाही, आणि इंग्रजी गुप्तेबाईंच्याइतकंच, म्हणजे नसल्यासारखं. दोघी बोलायच्या त्या सुईने आणि कागदाने. जाताना हानबाईने दोन वस्तू मागे ठेवल्या. एक जुनी शिवलेली वही, आणि एक रुमाल.

वहीला कणा नव्हता. कडेला पाच भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवलेली, पुठ्ठा पिवळा, वर डाव्या कोपऱ्यात नावाची उभी पट्टी. पाचच भोकं का, तर त्यांच्याकडे चार हा आकडा वाईट. त्यांच्या भाषेत चारचा उच्चार मरणासारखा होतो म्हणे. बाईंनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि चार भोकांची वही चुकूनही कुणी शिवली की टेबलावर हात आपटायच्या, "कुणाला पोचवायला निघालीस?"

आणि रुमाल. ताट झाकायला वापरतात तेवढा. कसल्याशा गवताच्या धाग्याचं पातळ कापड, त्याचे लहानमोठे तुकडे जोडलेले, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. पांढरा, साईचा, तांदळाच्या धुवणाचा, असे रंग. बाईंनी तो माझ्यासमोर खिडकीत धरला. तुकड्यांमधून ऊन आलं आणि शिवणी गडद उठल्या. पाणी भरलेली भाताची खाचरं आणि मधले बांध, वरून कुणी बघावेत तसं दिसलं.

"आता उलटी बाजू शोध," बाई म्हणाल्या.

मी रुमाल उलटा केला. पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा. दोन्हीकडे शिवण सारखीच, दोरा कुठे सुरू झाला नि कुठे संपला काही कळेना. आईने शिकवलेलं सगळं माझ्या बोटांत होतं, तरी हे कसं केलंय ते बोटांना उमगेना.

"बाई, ही तर वाकळच हाय," मी म्हणाले.

"वाकळच. त्यांनी खिडकीत धरली, आपण अंगाखाली घातली, एवढाच फरक."

त्या रुमालावर बाईंचा जीव. खोलीतल्या भिंतीवर काचेशिवाय टांगलेला, कारण काच लावली तर दुसरी बाजू कशी दिसणार. रोज सकाळी स्वतः झटकायच्या. आम्हा कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

या दोन वस्तूंवरून बाईंनी धंदा उभा केला, पण नक्कल केली नाही. "त्यांचं तसंच्या तसं उचललं तर चोरी, आणि आपलं काहीतरी कोंबून बिघडवलं तर पाप," असं म्हणायच्या. "मधे कुठंतरी उभं राहायला जागा असते. शोधायची." कोरियन पुठ्ठ्याचा पिवळा रंग कसल्याशा बियांचा. बाईंनी दसरा झाला की देवळांतून नि दुकानांतून सुकलेले झेंडू पोत्याने उचलून आणायचे आणि त्याचं पाणी काढायचं. तिकडे लाकडी ठशाने पुठ्ठ्यावर नक्षी दाबत. बाईंनी गणपतीचा साचा करणाऱ्याकडून भाताच्या लोंब्यांचा ठसा कोरून घेतला. त्यांच्या रेशमी गाठी आम्ही शिकलो त्या पाकिटं बंद करायला. आणि रुमालाच्या जोडणीवरून पेन्सिलींच्या पिशव्या, त्या आधी मी शिवल्या. कॉलेजच्या मुलींना फार आवडल्या.

आम्ही पाच जणी होतो. सगळ्यांत तोंडाळ सुगंधा, गडबहून यायची, तिच्या नवऱ्याचा टेम्पो होता. सुगंधा बाईंना मागून 'खळवाली' म्हणायची. कारण बाई बाजारातला डिंक दाराच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. रोज सकाळी तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा, आणि त्यानेच चिकटवायचं.

"अवो बाई, बाटलीतला डिंक दोन मिनटांत चिकटतो," सुगंधा कुरकुरायची.

"आणि सुटतो किती मिनटांत?"

"सुटतच नाय तर!"

"मग ज्याला चुकायचंच नाय त्यानं तो वापरावा," बाई म्हणायच्या आणि पळी ढवळत राहायच्या.

एकदा पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. चांगल्या घरातल्या बाई, गाडी बाहेर उभी. वही हातात घेतली, छातीशी धरली आणि म्हणाल्या, "इतकी सुंदर! हिच्यात लिहायचं धाडसच होणार नाही हो."

गुप्तेबाईंनी वही त्यांच्या हातातून घेतली, पहिलं पान उघडलं, पेन उचललं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मीठ, कडधान्य, दिव्याच्या वाती. मग वही परत त्यांच्या हातात दिली.

सुगंधाने माझा दंड एवढा आवळला की वळ उठला.

"झालं धाडस," बाई म्हणाल्या. "वही देवघरात ठेवायला नसते. आता घाबरू नका."

त्या बाईंच्या चेहऱ्यावर राग की हसू ते कळेना. पैसे देऊन तीच वही घेऊन गेल्या. वर्षभराने आणखी सहा मागवल्या आणि चिठ्ठीत लिहिलं, कृपया पहिलं पान खराब करून पाठवावं. बाईंनी सहाही वह्यांत वेगवेगळा बाजार लिहिला.

आता ते सांगते.

याला तीन वर्षं झाली. धाटावच्या एका कंपनीत नवीन प्लान्ट सुरू होणार होता आणि कोरियाहून साहेबमंडळी येणार होती. कुणाकडून तरी बाईंचं नाव त्यांच्यापर्यंत गेलं. बेचाळीस वह्यांची ऑर्डर आली, प्रत्येक वहीवर पाहुण्याचं नाव, त्यांच्या लिपीत. बाईंनी आम्हाला एकत्र बसवून सांगितलं, "हे जमलं तर दर सालचं काम. नाय जमलं तर ही खोली मी सोडते गो बायांनो. माझे गुडघे आता पेण-रोहा करत नायत."

सुगंधाला टेम्पो होता, बाकीच्या इथल्याच. घाबरले मी. त्याच महिन्यात नवऱ्याला ठेकेदाराने ब्रेक देऊन घरी बसवलं होतं. माझं काम गेलं असतं तर गावी परत जाणं आलं. मुलगी पेणला पाचवीत होती. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढे ओढ्यापलीकडे, आणि ओढ्यापलीकडे पोरीला कोण पाठवतं? माझी सुटली तशीच तिचीही सुटली असती. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

नावांचं काम बाईंनी मला दिलं. मला ती लिपी येत नव्हती, पण रेघा येत होत्या. गणपतीचा डोळा ज्याला नीट काढता येतो त्याला कुठलंही अक्षर काढता येतं, असं बाईंचं म्हणणं. हानबाईच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने गुप्तेबाईंचं नाव लिहून ठेवलं होतं, नलिनी, तीन चौकोनी अक्षरांत. आधी ते काढून दाखव, म्हणाल्या. मी एका पट्टीवर पेन्सिलने काढलं. बाईंनी बघितलं, पट्टी उलटी करून पाठही बघितली आणि म्हणाल्या, "जमलं." मग डोळे तपासायला त्या दोन दिवस मुंबईला भाचीकडे गेल्या. जाताना काळ्या शाईची बाटली टेबलावर ठेवून गेल्या.

मी काळ्या शाईने लिहायला हवं होतं. एवढंच करायचं होतं.

पण मला वाटलं, बाईंनी मला सातवीवर उभं केलं, तर आपण नुसतं सांगितलं तेवढंच करायचं? हानबाईच्या वहीवर एक लाल शिक्का होता. पुढे बाईंनी सांगितलं की तो मालकाच्या नावाचा. मी तो रोज बघत आले होते. माझ्या मनाने घेतलं, नाव लाल असलं की मान असतो. आपल्याकडेही तसंच की! लग्नपत्रिकेवरचं नाव लाल. सत्यनारायणाच्या पाटावर लाल. शुभ कामात काळं कुणी वापरतं का? मी कारखान्यातून गणपतीच्या शेल्याचा लाल रंग आणला, पाणी घालून पातळ केला आणि बेचाळीस नावं लिहिली. आधी बाईंच्या नावाची पेन्सिलीची पट्टी लाल गिरवली, हात बसावा म्हणून. ती धरून त्रेचाळीस. बेचाळीस पट्ट्या वह्यांवर खळीने चिकटवल्या, बाईंची तशीच टेबलावर राहिली. झेंडूच्या पिवळ्यावर कुंकवाचा लाल. सुगंधासुद्धा बघून म्हणाली, "काय गो गोदे, नवरीसारख्या दिसतायत!"

कार्यक्रम चार वाजता धाटावला. त्याच दिवशी सकाळी साडेनऊला बाई मुंबईहून थेट पेणला उतरल्या. दारात चप्पल काढली, टेबलाकडे बघितलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

मला वाटलं चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले. बाईंनी पेला घेतला नाही. आवाज अगदी बारीक झालेला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"गोदा, त्यांच्याकडे लाल शाईने मेलेल्या माणसाचं नाव लिहितात."

माझ्या हातातला पेला खाली पडला.

टेबलावर बेचाळीस वह्या ओळीने मांडलेल्या. दहा मिनिटांपूर्वी त्या नवऱ्या होत्या. आता मी बघितल्या तर, एवढ्या सगळ्या जिवंत माणसांना मी माझ्या हाताने, वळणदार अक्षरात... "पण तो शिक्का," असं काहीतरी बोलले. "शिक्का वेगळा," बाई म्हणाल्या. "तो चालतो. हाताने लिहिलेलं नाय चालत."

मी वाट बघत होते की बाई ओरडतील. मी काय बोलणार तेही ठरवलं होतं, गावी जाते म्हणणार होते. बाई भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "ही चूक माझी. मीही हेच केलंय."

आणि मग उभ्या उभ्या, खळीचं पातेलं उघडत, त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हानबाई राहायला आली त्या वर्षी संक्रांतीला बाईंनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. तिच्या लिपीतलं तिचं नाव भाडेकराराच्या कागदावरच्या सहीवरून उतरवून, कुंकवाने वाणाच्या डब्यावर लिहिलं. हानबाईने डबा बघितला, हातातून टाकून दिला आणि वर निघून गेली. आठ दिवस जिना उतरली नाही. नवव्या दिवशी खाली आली ती काळी शाई, ब्रश आणि ती शिवलेली वही घेऊन. बाईंच्या शेजारी बसून तिने स्वतःचं नाव काळ्यात लिहून दाखवलं. मग बाईंचं. तिथून दोघींचं सगळं सुरू झालं.

"चारचं सांगितलं तुम्हाला, लालचं नाय सांगितलं," बाई म्हणाल्या. "लाज वाटायची. रडू नको. ओलं फडकं आण."

तेव्हा मला खळ कळली. ओलं फडकं पट्टीवर ठेवायचं, शंभर मोजायचे, आणि पट्टी कोपऱ्यातून अलगद उचलायची. उठत होती! सुगंधा एकामागून एक पट्ट्या सोडवत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, "खळवाली माझी माय, खळवाली माझी माय." मी दुसरीकडे काळ्या शाईने पुन्हा लिहायला घेतलं. सोडवलेल्या लाल पट्ट्या बाई स्वतः उचलून वाटीतल्या पाण्यात टाकत होत्या, अक्षर विरघळेपर्यंत.

पण गणपतीचा रंग तो. ओल लागली तसा नऊ वह्यांवर खाली पुठ्ठ्यात उतरला. लाल डाग, सुपारीएवढे, नव्या पट्टीच्याही बाहेर येणारे. नवीन पुठ्ठे रंगवून वाळवायला दोन दिवस लागतात आणि घड्याळात साडेअकरा. वर काहीतरी लावायला हवं होतं, पातळ, कागदाची नक्षी झाकणार नाही असं. आमच्याकडे पिशव्यांचं जाड सुती कापड होतं. बाईंनी त्याचा तुकडा लावून बघितला. ठिगळ दिसलं.

मग बाई भिंतीकडे गेल्या.

त्या काय करतायत ते मला कळेपर्यंत रुमाल त्यांच्या हातात होता. कमरेची कात्री नाडीसकट पुढे आली.

"बाई, नको!" मी ओरडले. सुगंधानेही तोंडावर हात धरला.

बाईंनी बांधावर कात्री लावली. शिवणीच्या अगदी कडेने, एकेक खाचर सोडवत गेल्या. कापड कापलं जाताना जो आवाज झाला तो मी अजून ऐकते. डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. नऊ तुकडे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "कडा तू दुमडायच्या. माझ्या डोळ्यांना आता दोरा दिसत नाय. आणि गोदा, उलटी बाजू दिसता कामा नये."

शेवटचे तीन तुकडे मी टेम्पोत शिवले. वडखळपासून नागोठण्यापर्यंत रस्ता म्हणजे नुसते खड्डे. सुगंधाचा नवरा पुढून ओरडायचा, "खड्डा!", मी सुई वर धरायची, खड्डा गेला की टाका घालायचा. गडबला सुगंधाची सासू रस्त्यावर डबा घेऊन उभी होती, तिला नुसता हात केला. बाई माझ्यासमोर वह्यांच्या खोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

चारला पाच मिनिटं असताना पोचलो. हॉलमध्ये एसी, सगळे सुटात, आम्ही दोघी घामाने आणि खळीने माखलेल्या. वह्या वाटल्या. सगळे माना लववून घेत होते. मला वाटलं, सुटलो.

सगळ्यांत मोठे साहेब म्हातारे होते, युन नावाचे. त्यांच्या वाट्याला तुकडा लावलेली वही आली. त्यांनी ती उचलली आणि उजेडाकडे तिरकी धरली. पातळ कापडाखालून तो डाग दिसत होता. लाल नव्हता आता, गुलाबी, पण होता. ते दुभाषीण मुलीला काहीतरी म्हणाले. ती पुण्याची होती. तिने मराठीत विचारलं, "साहेब विचारतायत, याच्याखाली हा रंग कसला?"

मी देवाचा धावा केला. नक्षी आहे म्हणा बाई. फुलाचा रंग आहे म्हणा. एक शब्द, आणि आम्ही घरी.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या, "तुमचं नाव आधी लाल शाईने लिहिलं होतं. तो त्याचा डाग."

दुभाषीण पांढरी पडली. "असं सांगू?"

"असंच सांग. आणि हेही सांग, मला माहीत होतं, मी हिला सांगितलं नव्हतं. चूक माझी."

तिने सांगितलं. एकाने आपली वही उलटी करून बघितली. मुलीचं दप्तर, तिचा गणवेश, सगळं डोळ्यांपुढून गेलं. युन साहेब बाईंकडे बघत राहिले, मग काही बोलले.

"साहेब म्हणतात, माझी आजी असती तर तुम्हा दोघींना काठीने बडवलं असतं."

"बरोबर केलं असतं," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पुन्हा प्रश्न आला. "साहेब विचारतायत, पण लालच का?"

बाईंनी माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड त्यांच्याकडे वळवलं. सकाळी लावलेलं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं असणार.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "हिचा नवरा जिवंत हाय, हे ही रोज सकाळी लाल रंगानं लिहिते."

दुभाषिणीने ते कसं सांगितलं मला माहीत नाही. युन साहेब माझ्या कपाळाकडे एवढा वेळ बघत राहिले की मला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी वही पुन्हा हातात घेतली, कापडाच्या मोकळ्या कडेखाली नख घातलं आणि तो तुकडा अलगद उलटा करून बघितला. उलटी बाजू! मी बाईंकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

ते हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मुलगी म्हणाली, "यांची आई अशा कापडाने जेवण झाकून ठेवायची. हे जुनं कापड आहे, म्हणतात. कुठून आणलं?"

"भेट मिळालं होतं," बाई म्हणाल्या. बास, एवढंच. कापलं म्हणून सांगितलं नाही. तेवढं मात्र सांगितलं नाही.

ऑर्डर पुढच्या वर्षी पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. खोली राहिली. नवऱ्याला नागोठण्याला काम लागलं. मुलगी यंदा आठवीत गेली, म्हणजे माझ्या पुढे.

बाईंचे गुडघे मात्र काही ऐकेनात. गेल्या वर्षी त्यांनी अष्टमीचं घर बंद केलं आणि पुतण्याकडे बडोद्याला जायला निघाल्या. मी आणि सुगंधा रोहा स्टेशनवर पोचवायला गेलो. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या हातातला रुमाल मागून घेतला, माझ्या मुलीने शाळेत शिवलेला, आणि सवयीने उलटा केला.

"दोरे लोंबतायत," म्हणाल्या. "पण शिकेल."

गाडी आली. त्यांची ट्रंक मी उचलली आणि तशीच थांबले. ट्रंकेच्या झाकणावर एक पट्टी चिकटवलेली होती, खळीने. तीन चौकोनी अक्षरं, लाल. माझ्या हातची. त्या दिवशी बेचाळीस पट्ट्या पाण्यात गेल्या होत्या. त्रेचाळिसावी कुठे गेली याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"बाई!" मी म्हणाले. "हे काय? काढा ते. लाल हाय!"

"मग?" गुप्तेबाई पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या. "मी काय कोरियाची हाय? मी रोह्याची. माझ्याकडं लाल म्हणजे जित्तं माणूस."

दारात उभ्या राहिल्या, कमरेला कात्री. गाडी वळेपर्यंत हात हलवला नाही. त्यांना हात हलवणं आवडायचं नाही.

भिंतीवरचा खिळा अजून रिकामा आहे. मी तिथे दुसरं काही लावू देत नाही. ते गवताचं कापड इकडे मिळत नाही, म्हणून मी आमच्याकडच्या जुन्या मलमलीचे तुकडे जमवतेय. आईच्या धुतलेल्या लुगड्याचा एक आहे, सुगंधाच्या सासूच्या ओढणीचा एक. चौदा खाचरं झाली. दोनदा उसवून पुन्हा घातली, कारण एका शिवणीत दोरा कुठे संपतो ते मला दिसत होतं. बाईंना नक्कीच दिसलं असतं. रुमाल पुरा झाला, की मी बडोद्याचं तिकीट काढणार आहे आणि तो त्यांच्या हातात ठेवणार आहे. आधी त्या तो उलटा करतील. बाई, करा. काही सापडलं, तर तसाच परत घेऊन येईन आणि पुन्हा शिवेन. पण तुमचा रुमाल तुम्हाला देईन.